माहितीचे ओझे आणि आपली शिकलेली पिढी

गेल्या पावसाळ्यात आमच्या कॉलेजचा एक माजी विद्यार्थी मला धामणकर नाक्यावर भेटला. बी. कॉम. झालेला, घरातला पहिला पदवीधर. ऐरोलीच्या एका कंपनीत दोन वर्षे संगणकावर काम करीत होता. काय चालले आहे असे विचारले, तर म्हणाला, ''नोकरी सोडली, सर.'' मी कारण विचारले. पगार थकला होता का? साहेबाने अपमान केला का? जातीवरून काही झाले का? तिन्ही प्रश्नांना त्याने 'नाही' म्हटले. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाला, ''डोकं चालेना, सर. मोबाइल वाजला की छातीत धडधडायचं. मेसेज वाचायचो, पण काय वाचलं ते कळायचं नाही.'' घरी त्याची आई विचारीत होती, खुर्चीत बसून, थंड हवेत काम करणाऱ्याला थकायला काय झाले? तुझ्या बापाने आधी सायझिंगच्या वाफेत आणि मग लूमवर बारा बारा तास काढले, तो कधी असे म्हणाला नाही. आणि मुलाला आईचे म्हणणे पटत होते! त्याला स्वतःच्या थकव्याची लाज वाटत होती. मला ही लाज त्या थकव्याहून अधिक गंभीर वाटली.

आपल्या समाजाला ओझे माहीत आहे. माझे वडील भिवंडीच्या गोदामांत हमाली करीत. त्यांच्या खांद्यावर पडलेला घट्टा मी कोणालाही दाखवू शकतो. पण डोक्यातल्या ओझ्याचा घट्टा दाखविता येत नाही. जे दाखविता येत नाही ते सांगता येत नाही, आणि सांगितले तरी त्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. प्रस्तुत लेखात या न दिसणाऱ्या ओझ्याचा विचार करावयाचा आहे. ते कसे तयार होते, त्याचा लाभ कोणाला होतो आणि आपल्या चळवळीचा त्याच्याशी काय संबंध आहे, हे पाहावयाचे आहे. हा प्रश्न पांढरपेशांच्या नाजूक प्रकृतीचा आहे, असे समजून तो बाजूला टाकणे आता आपल्याला परवडणारे नाही. कारण ज्या खुर्च्यांवर हे ओझे लादले जात आहे, त्यांवर आता आपलीही मुले बसली आहेत.

प्रथम शब्दांचा अर्थ नीट करून घेऊ. या अवस्थेला 'बर्नआउट' म्हणतात. मराठीत त्याला जळून विझणे म्हणता येईल. चूल पेटती ठेवायची आणि लाकूड मात्र घालायचे नाही, म्हणजे जे होते ते. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली हा शब्द शास्त्रीय लेखनात आणला. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात सेवाभावाने राबणाऱ्या माणसांत त्याने ही अवस्था पाहिली होती. म्हणजे प्रथम विझताना दिसली ती कामचुकार माणसे नव्हती. जी जीव ओतून काम करीत होती तीच होती. आपल्या कार्यकर्त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. पुढे १९८१ साली क्रिस्टीना मॅस्लॅक व सुझन जॅक्सन यांनी या अवस्थेचे मोजमाप तयार केले. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात तिची व्याख्या दिली आणि तीन खुणा सांगितल्या. एक, शक्ती संपून गेल्याची भावना. दोन, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा. तीन, आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे.

या व्याख्येत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. संघटनेने हा रोग आहे असे म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे उद्भवणारी ही स्थिती आहे, असे म्हटले आहे. म्हणजे कारण माणसाच्या स्वभावात नसून कामाच्या रचनेत आहे. मग औषधही तेथेच शोधावयास हवे.

दुसरा शब्द माहितीच्या अतिभाराचा. बर्ट्रम ग्रॉस यांनी १९६४ मध्ये तो वापरला आणि ॲल्विन टॉफ्लर यांच्या १९७० च्या पुस्तकाने तो जगभर नेला. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ साली त्याचे मर्म सांगितले. माहिती काहीतरी खाते, आणि ती माणसाचे लक्ष खाते. म्हणून माहितीची श्रीमंती झाली की लक्षाची गरिबी येते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या वेळी संगणक खोलीएवढा होता. आज तो खिशात आहे.

आता एका कचेरीतल्या दिवसाकडे पाहू. मघाच्या विद्यार्थ्याने मला जे सांगितले तेच येथे मांडतो. सकाळी साडेसहाला भिवंडीहून बस, ठाण्याहून ऐरोलीची गाडी. गाडीतच व्हॉट्सॲपच्या चार गटांवरचे निरोप वाचावयाचे. एक गट सगळ्या विभागाचा, एक टीमचा, एक शिफ्टचा आणि एक साहेबाने 'तातडीच्या कामासाठी' काढलेला. कचेरीत पोचल्यावर संगणकावर ई-मेल, त्याच्याशेजारी कंपनीची निरोपांची खिडकी, ग्राहकांच्या तक्रारींची यादी, आणि सर्वांच्या वर टार्गेटचा फलक. त्यावर कोणी किती तक्रारी निकालात काढल्या हे दर मिनिटाला बदलते. एक तक्रार वाचायला घ्यावी तोच निरोप येतो की कालचा तक्ता पाठवा. तक्ता उघडावा तो बैठकीचे बोलावणे. बैठकीत असताना निरोप, की तुमच्या तक्रारी तुंबल्या आहेत. संध्याकाळी घरी परततानाही गट वाजतच असतो. निरोप वाचला की दोन निळ्या खुणा उमटतात. आता 'पाहिले नाही' असे म्हणण्याचीही सोय उरत नाही.

यात एकही काम अवघड नाही. अवघड आहे ते एकातून दुसऱ्यात जाणे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क या संशोधक बाईंनी कचेऱ्यांतल्या माणसांचे लक्ष वर्षानुवर्षे मोजले. २००४ च्या सुमारास माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे टिकत होता. पुढील काळात ही सरासरी ४७ सेकंदांवर आली. ४७ सेकंदांत कोणता विचार पुरा होतो? माणूस दिवसभर कामे करतो, पण एकही काम पुरे केल्याचे समाधान त्याला मिळत नाही. आपल्या श्रमाच्या फळापासून माणूस तुटणे याला मार्क्सवादी परिभाषेत परात्मता म्हणतात. येथे फळाच्याही आधीची गोष्ट झाली आहे. हा माणूस स्वतःच्या लक्षापासूनच तुटला आहे.

हे सर्व फक्त खुर्चीत बसणाऱ्यांचे आहे असे समजू नये. आमची भिवंडी लूमचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. पण गेल्या काही वर्षांत माणकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे येथपासून थेट पडघ्यापर्यंत मुंबई-नाशिक महामार्गाच्या आसपास गोदामांचे दुसरे गावच उभे राहिले. मुंबईतल्या माणसाने मोबाइलवर बोट टेकवले की वस्तू येथून निघते. या गोदामांतल्या तरुण कामगाराच्या हातात एक स्कॅनर असतो. कोणत्या रांगेत, कोणत्या कप्प्यात जायचे ते तो सांगतो. वस्तू उचलून स्कॅन केली की लगेच पुढचा कप्पा दाखवितो. तासाला किती वस्तू उचलल्या, दोन वस्तूंमध्ये किती वेळ गेला, हे सर्व त्यात नोंदले जाते. एका गोदामात काम करणारी आमची एक विद्यार्थिनी म्हणाली, ''सर, मुकादम असता तर त्याला सांगितलं असतं की पोटात दुखतंय. मशीनला काय सांगणार?'' संडासला जाण्यायेण्यात सात-आठ मिनिटे जातात म्हणून ती शिफ्टमध्ये पाणीच पीत नसे. जून २०२४ मध्ये हरियाणातील मानेसर येथे ॲमेझॉनच्या गोदामात टार्गेट पुरे होईपर्यंत पाणी पिण्यास वा संडासला जाणार नाही अशी शपथ कामगारांना घ्यायला लावल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून त्याची दखल घेतली, हे वाचकांना आठवत असेल. मानेसरची बातमी झाली. आमच्या विद्यार्थिनीची तहान अशीच रोजची होती, पण तिची नोंद कोणत्याच स्कॅनरमध्ये झाली नाही.

कचेरीतला मुलगा आणि गोदामातली मुलगी यांची कामे वेगळी दिसतात. दोघांच्या कामाचा सांगाडा मात्र एकच आहे. माहिती वरून खाली येते ती हुकूम म्हणून, आणि खालून वर जाते ती हिशेब म्हणून. खालच्या माणसाला आपला तासाचा आकडा कोणी आणि कशाच्या आधारे ठरविला, हे कळत नाही. आपल्याविषयी काय काय नोंदले गेले तेही कळत नाही. म्हणजे माहितीचा पूर त्याच्या दारात येतो, पण त्याला प्यायला त्यातले पाणी मिळत नाही.

आपल्याला हा प्रकार नवा आहे काय? महात्मा फुल्यांनी गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात शेतकऱ्याची लूट उघडी केली, तेव्हा कागदावर कोणाचा ताबा आहे हे त्यांनी आवर्जून दाखविले. कुळकर्ण्याच्या दप्तरात काय लिहिले आहे ते कुणब्याला वाचता येत नव्हते, आणि त्या न वाचता येण्यावरच त्याला नाडणाऱ्यांचे पोट चालत होते. आपल्या पूर्वजांना तर अक्षराचीच बंदी होती. शिकलो की ही बंदी तुटेल असे आपण मानले, आणि ते खरेही होते. पण आज शिकलेल्या मुलाच्या हाती माहिती इतकी पडते की तीतून ज्ञान काढायला त्याच्याजवळ क्षण उरत नाही. पूर्वी दप्तर लपवून ठेवले जात होते. आता दप्तराची पाने तोंडावर फेकली जातात, आणि महत्त्वाचे पान तेवढे वरच राहते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही नोकरीच्या कारणांसाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची वाट ठेवलेली आहे.

कोणी म्हणेल, हे तर सर्वांनाच भोगावे लागते. यात दलितांचा वेगळा प्रश्न कोठे आला? पाऊस सर्वांवर पडतो हे खरे, पण गळके छप्पर सर्वांचे नसते. माझ्या वर्गातून गेलेल्या मुलांवरून मला जे दिसते ते सांगतो.

पहिली गोष्ट, या मुलांना मागे फिरायला जागा नाही. ज्याच्या बापाचे घर स्वतःचे आहे तो सहा महिने नोकरी सोडून विसावा घेऊ शकतो. आमच्या मुलाच्या पगारावर घरभाडे, धाकट्याची फी आणि गावाकडच्या आजीचे औषध अवलंबून असते.

दुसरी गोष्ट भाषेची. निरोप इंग्रजीत येतात. मराठी शाळेत शिकलेला मुलगा इंग्रजी निरोप आधी मनात मराठीत आणतो, उत्तर मराठीत योजतो, मग इंग्रजीत नेतो, आणि चूक तर झाली नाही ना म्हणून तीनदा वाचतो. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला एका निरोपाला जेवढे श्रम पडतात, त्याच्या दुप्पट-तिप्पट याला पडतात. फलकावर मात्र दोघांचे आकडे एकाच मापाने लागतात.

तिसरी गोष्ट सर्वांत खोल आहे. खासगी कंपनीत आरक्षण नाही, तरी आरक्षणाचा टोमणा तेथे पोचलेला असतो. आडनावावरून, कपाटावरच्या फोटोवरून, १४ एप्रिलला मागितलेल्या सुटीवरून माणूस ओळखला जातो. मग 'मी थकलो' असे म्हणणे त्याला शक्य राहत नाही. दुसरा थकला तर तो थकलेला असतो. आपला थकला तर तो मुळातच कुवतीचा नव्हता असे ठरते. केवळ हे ऐकावे लागू नये म्हणून आमची मुले रात्री बारालाही निरोपाला उत्तर देतात. गुणवत्ता सिद्ध करण्याची ही परीक्षा रोज असते आणि तिचा निकाल कधी लागत नाही.

चौथी गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. घरातला पहिला पदवीधर हा सगळ्या वस्तीचे माहिती-कार्यालय असतो. मामाच्या मुलीचा जात पडताळणीचा अर्ज, शेजाऱ्याच्या मुलाचा महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा फॉर्म, काकूचे रेशनकार्ड, आजोबांचे आधार बँकेला जोडणे, २०२४ साली लाडक्या बहिणीचा अर्ज आणि पुढच्या वर्षी त्याची ई-केवायसी. सर्वांचे ओटीपी याच्याच मोबाइलवर येतात. शासनाने कारभार संगणकावर नेला, पण ज्यांना संगणक येत नाही त्यांचे काम कोण करणार याचा विचार केला नाही. ते काम आपल्या या मुलांनी विनामोबदला उचलले. कंपनीतून थकून आलेल्या मुलाची दुसरी पाळी घरी सुरू होते. या पाळीत अभिमान असतो, माया असते, म्हणून तिचा भार लक्षात येत नाही. मुलींच्या वाट्याला तर तिसरीही पाळी असते, ती चुलीजवळची.

मी स्वतः तासिका तत्त्वावर शिकविले आहे. ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, वर्गात घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, बाकी कशाचे नाही. त्या काळात एका कॉलेजच्या गटावर रात्री साडेदहाला तक्ते मागितले जात आणि सकाळी आठपर्यंत ते भरून द्यावे लागत. माझ्या पगारपत्रकात मिनिटांचा हिशेब होता, पण त्या रात्रींचा नव्हता. कामाचे माप तास हे असेल आणि काम मात्र तासाबाहेर वाहत असेल, तर माप धरणाऱ्याचाच फायदा होतो, हे मला तेव्हा उमगले.

तासांचा हा प्रश्न आपल्या परंपरेचाच आहे. शेजारच्या ठाण्याशी नाते असलेले सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन दिले. आठवड्याला एक सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, एवढ्या साध्या त्या मागण्या होत्या. रविवारची सुटी मिळायला १० जून १८९० उजाडावे लागले. आज शहरातला सुशिक्षित माणूस रविवारची सुटी निसर्गनियम समजतो. ती सत्यशोधकी चळवळीने मिळविलेली आहे.

बाबासाहेबांनी तर श्रमाचा आणि जातीचा प्रश्न एकत्र धरला. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. जास्त पगाराचे काम असे जातीने अडविले होते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कामगारांसाठी जे कायदे पुढे नेले, त्यांत १९४६ ची फॅक्टरी कायद्याची दुरुस्ती आहे. तिने बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणला.

आता वारे उलट वाहू लागले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचविले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांचे बोलणे गाजले. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील दिवसाचे तास ९ वरून १० आणि कारखान्यांतील ९ वरून १२ पर्यंत वाढविण्यास मंजुरी दिली. आस्थापनांतील जादा कामाची तिमाही मर्यादा १२५ तासांवरून १४४ तासांवर नेली. दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मे २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अंदाज सांगतो की २०१६ या एका वर्षात दीर्घ तासांच्या कामामुळे जगात ७ लाख ४५ हजार माणसे पक्षाघात व हृदयविकाराने दगावली. आठवड्याला ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यास, ३५ ते ४० तास काम करणाऱ्याच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो.

पुण्यात जुलै २०२४ मध्ये एका बड्या बहुराष्ट्रीय हिशेबतपासणी कंपनीतील सव्वीस वर्षांची मुलगी, नोकरीला लागून चार महिने होतात न होतात तोच, मरण पावली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. कामाच्या ताणाने मृत्यू झाला हे कंपनीने मान्य केले नाही. पण नंतर कामगार खात्याच्या पाहणीत आढळले ते असे, की २००७ पासून चालणाऱ्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. ज्या कायद्यात तासांची मर्यादा आहे, त्याच कायद्याच्या बाहेर ती कचेरी सतरा वर्षे चालली. ती मुलगी दलित होती की नव्हती, हा प्रश्न येथे गौण आहे. सनदी लेखापाल असलेल्या, बोलक्या वर्गातल्या मुलीची ही कथा असेल, तर गोदामातल्या ठेकेदाराच्या माणसाची काय असेल?

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काला कायद्याने मान्यता आहे. ऑस्ट्रेलियात तो ऑगस्ट २०२४ पासून आला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी या हक्काचे खासगी विधेयक २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडले. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेले नाही, हे पाहता त्याच्या भवितव्याविषयी भाबडी आशा बाळगू नये. पण मागणीला नाव मिळाले, हेही थोडे नव्हे.

येथे एक सावधगिरीची सूचना. या लेखावरून कोणी 'मोबाइल फेका, गावाकडे चला' असा अर्थ काढू नये. गावाकडे आपल्यासाठी काय ठेवले होते ते आपल्याला ठाऊक आहे. याच मोबाइलवर आमची मुले बाबासाहेबांचे खंड वाचतात, शिष्यवृत्तीचे निकाल पाहतात, अत्याचाराची बातमी तासाभरात राज्यभर पोचवितात. यंत्र आपले शत्रू नाही. ते कोणाच्या अटीवर चालते, हा प्रश्न आहे. त्याचप्रमाणे कंपन्या महिन्यातून एकदा मनःशांतीचे व्याख्यान ठेवतात आणि श्वास कसा घ्यावा ते शिकवितात. श्वास घ्यायला हरकत नाही. पण टार्गेट तेच ठेवून श्वास शिकविणे म्हणजे बैलाचे ओझे न उतरविता त्याला चालण्याची रीत शिकविण्यासारखे आहे.

मग करावयाचे काय? काही साध्या गोष्टी सुचवितो. पहिली, हिशेब आपण ठेवावा. एक महिनाभर वहीत लिहावे: कामाच्या वेळेनंतर किती निरोप आले, किती वाजता, त्यांतले किती खरोखर तातडीचे होते. आमच्या काही विद्यार्थ्यांनी अशी वही ठेवून पाहिली, आणि वही समोर येताच 'आपलंच डोकं कमजोर' ही त्यांची समजूत सैल झाली. दुसरी, या वह्या एकत्र आणून मागणी करावी. टार्गेट कसे ठरते ते आम्हाला सांगा, आमच्याविषयी काय नोंदता ते दाखवा, वेळेनंतरचे काम जादा काम धरा. लूम कामगार, गोदाम कामगार आणि कचेरीतली मुले यांच्या संघटनांनी ही मागणी एकत्र करावी. वेगवेगळी केली तर प्रत्येकाला वेगळे गाठले जाईल. तिसरी, वस्तीतले फॉर्म भरण्याचे काम एकाच मुलाच्या माथी मारू नये. विहारात वा वाचनालयात आठवड्यातून दोन दिवस पाळीने बसावे, आणि दहावी-बारावीच्या मुलांनाही ते शिकवावे. चौथी, थकव्याला जागा द्यावी. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर १४४१६ या शासनाच्या टेली-मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. हे सांगण्यात कमीपणा नाही. आणि कार्यकर्त्यांनी आपल्या गटांवरचेही रात्रीचे निरोप थोडे आवरावेत. चळवळीलाही माणसे विझवून चालत नाही.

शेवटी पुन्हा त्या मुलाकडे येतो. मी त्याच्या घरी शांतीनगरला गेलो होतो. आई घरी कांडी भरण्याचे काम करीत आलेली बाई. लूमचे सगळे जाणणारी. मी म्हटले, ''मावशी, तुमचे मालक किती लूम सांभाळायचे?'' म्हणाल्या, ''सहा.'' ''आणि सहाही लूमवर एकदम धागे तुटायला लागले तर?'' त्या हसल्या. ''मग माणूस येडाच व्हईल की.'' मी म्हटले, ''तुमच्या मुलाचे दिवसभर तेच होते. एक धागा जोडेपर्यंत दुसरे चार तुटतात.'' त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ''पर सर, लूमला लाइट तरी जायची. लाइट गेली की ह्याचा बाप तिथंच भिंतीला टेकून झोपायचा.'' आणि मुलाच्या हातातल्या मोबाइलकडे पाहून म्हणाल्या, ''ह्याची लाइट कधी जात नाही, व्हय?''

मुलगा मान खाली घालून बसला होता. त्याने मान वर केली. बऱ्याच दिवसांनी त्याचे म्हणणे घरात कोणाला तरी कळले होते.